अशक्यतेची सिद्धता : संख्याक्षेत्रांच्या विस्ताराची कथा

एखादी गोष्ट करून दाखविली म्हणजे ती शक्य आहे, हे कोणासही पटते. परंतु एखादी गोष्ट कधीही, कोणालाही करता येणार नाही, हे दाखवायचे कसे? आजवर जमले नाही म्हणून उद्याही जमणार नाही, असे म्हणणे ही काही सिद्धता नव्हे. १९५३ च्या मे महिन्यापूर्वी एव्हरेस्टच्या माथ्यावर जाऊन परत आलेला मनुष्य कोणी पाहिला नव्हता. म्हणून काही ते शिखर अगम्य ठरले नाही. मग गणिती मनुष्य 'अशक्य' हा शब्द कोणत्या अधिकाराने उच्चारतो? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास दोन हजारांहून अधिक वर्षे लागली, आणि ते मिळविताना संख्यांकडे पाहण्याची एक नवीच दृष्टी माणसाला लाभली. त्या दृष्टीची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रारंभ ग्रीसपासून करू. डेलॉस नावाच्या बेटावर एकदा रोगाची साथ आली, अशी कथा आहे. लोकांनी देवाला कौल लावला. उत्तर मिळाले की, अपोलोची घनाकृती वेदी दुप्पट करा. लोकांनी काय केले, तर वेदीची प्रत्येक बाजू दुप्पट केली. अर्थातच वेदी दुप्पट न होता आठपट झाली, आणि साथ काही हटली नाही. मग ते प्लेटोकडे गेले. प्लेटो म्हणाला, देवाला मोठी वेदी नको आहे. तुम्ही भूमितीकडे पाठ फिरविली आहे, याची तुम्हांला लाज वाटावी एवढीच त्याची इच्छा आहे. कथा खरी की खोटी हे बाजूला ठेवू. प्रश्न मात्र खरा आहे. घनाचे घनफळ दुप्पट करायचे तर बाजू किती घ्यावी? बाजू १ असेल तर नवी बाजू २ चे घनमूळ एवढी हवी. ती रेघ काढायची कशी?

वेदी दुप्पट करण्याचा प्रश्न आपल्याकडेही होता, पण तो क्षेत्रफळाचा. शुल्बसूत्रांत बौधायनाने सांगितले आहे की, चौरसाच्या कर्णावर ताणलेली दोरी दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस देते. त्या दोरीला त्याने 'द्विकरणी' म्हटले. आपण शाळेत √२ सारख्या संख्येला 'करणी' म्हणतो, तो शब्द याच दोरीच्या घराण्यातला आहे. चौरस दुप्पट करणे इतके सोपे, तर घन दुप्पट करणे तरी अवघड का असावे? एका वर्गमूळाच्या जागी एक घनमूळ आले, एवढाच काय तो फरक! पण सगळी मेख त्या फरकातच आहे.

ग्रीकांना हा प्रश्न मुळीच सुटला नाही, असे मात्र कोणी समजू नये. आर्किटसने तो अवकाशातील वक्र पृष्ठांच्या छेदनाने सोडविला, मिनीक्मसने शंकुच्छेदांनी सोडविला, एरॅटोस्थेनिसने त्यासाठी एक यंत्रच तयार केले. कोनाचे तीन समान भाग करण्याची आर्किमिडीजची युक्तीही प्रसिद्ध आहे. तिच्यात पट्टीवर दोन खुणा कराव्या लागतात. पण खुणा नसलेली पट्टी आणि कंपास, एवढ्या दोनच साधनांनी, मोजक्या पायऱ्यांत काम झाले पाहिजे, अशी अट घातली की गाडे अडते. घन दुप्पट करणे, कोनाचे त्रिभाजन करणे आणि वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस काढणे, हे तीन प्रश्न या अटीपुढे शतकानुशतके अडून राहिले.

या प्रश्नांनी किती माणसांचे आयुष्य खाल्ले याची गणती नाही. अखेर १७७५ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ठराव केला की, यापुढे या तीन प्रश्नांची उत्तरे म्हणून येणारे कागद आम्ही तपासणार नाही. सतत चालणाऱ्या यंत्राचे प्रस्तावही त्याच ठरावात निकालात निघाले. ठराव व्यवहाराच्या दृष्टीने शहाणपणाचा होता. पण गंमत पाहा, हे प्रश्न सुटणे अशक्य आहे याची सिद्धता त्या दिवशी जगात कोणाजवळही नव्हती! विद्वानांची खात्री होती, पण पुरावा नव्हता. दार बंद झाले होते, पण आत काही नाही हे कोणी पाहिले नव्हते.

कोंडी फुटण्याची पहिली चाहूल अगदी उलट दिशेने लागली. ३० मार्च १७९६ रोजी जर्मनीतील एका अठरा वर्षांच्या मुलाने शोध लावला की, सतरा समान बाजूंची सुसम आकृती पट्टी व कंपास यांनी काढता येते. त्याचे नाव कार्ल फ्रीडरिश गाउस. युक्लिडच्या काळापासून तीन व पाच बाजूंच्या आणि त्यांवरून निघणाऱ्या आकृत्या काढणे माहीत होते. सतराचे नाव कोणी काढले नव्हते. गाउसने तरी ती कंपास फिरवून नव्हे, तर समीकरणे तपासून शोधली. त्याच्या लक्षात आले की, इथे जी संख्या हवी आहे ती एकामागून एक वर्गमूळे काढून मिळते. आणि वर्गमूळ काढता आले की कंपासाचे काम भागते. १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने हे सर्व मांडले. सात किंवा नऊ बाजूंची आकृती अशी निघणार नाही, असेही त्याने बजावले. पण त्याची सिद्धता मात्र छापली नाही.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली कल्पना आपण समजून घेऊ. आकाशवाणीवर फळा नाही नि खडू नाही, तेव्हा आपण कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर बरे होईल.

आपल्या नेहमीच्या पूर्णांकांपासून आणि अपूर्णांकांपासून प्रारंभ करा. या परिमेय संख्या. यांतील कोणत्याही दोन संख्यांची बेरीज करा, वजाबाकी करा, गुणाकार करा, शून्याखेरीज कशानेही भागा. उत्तर पुन्हा याच घरात सापडते. ज्या संख्यासमूहात या चारही क्रिया बिनतक्रार चालतात आणि बाहेर पाऊल टाकावे लागत नाही, त्याला गणितात 'क्षेत्र' म्हणतात. परिमेय संख्यांचे क्षेत्र हे आपले मूळ घर.

या घरात √२ नाही, हे ग्रीकांना फार पूर्वीच कळले होते. मग आपण काय करायचे? √२ ला पाहुणा म्हणून आत घ्यायचे. पण पाहुणा एकटा येत नाही. त्याच्याबरोबर ३ + √२, ५√२, २ − ७√२ अशी सगळी मंडळी येतात. प्रश्न असा की, हे बिऱ्हाड किती मोठे होणार? उत्तर सुखद आहे. 'अ + ब√२' या रूपाच्या संख्या, ज्यांत अ आणि ब परिमेय आहेत, एवढ्याच पुरतात. √२ ला √२ ने गुणले तर २ येतात, म्हणजे आपण पुन्हा जुन्या घरात. भागाकाराची शंका येईल. १ ला ३ + √२ ने भागून पाहा. वर आणि खाली ३ − √२ ने गुणा. खाली ९ वजा २ म्हणजे ७ येतात, आणि उत्तर मिळते तीन सप्तमांश वजा एक सप्तमांश √२. तेही त्याच रूपाचे! करण्यांचा हा भागाकार आपल्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात, बीजगणितात, याच युक्तीने शिकविला आहे. त्यांच्या नातवाने ग्रंथांच्या अध्ययनासाठी जो मठ स्थापिला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटण येथे आहे.

तर असे हे नवे, मोठे क्षेत्र तयार झाले. जुन्या क्षेत्राचा हा 'विस्तार'. या विस्तारातील प्रत्येक संख्या सांगायला दोन परिमेय संख्या लागतात, अ आणि ब. म्हणून या विस्ताराची कोटी २ आहे, असे म्हणतात. कोटी म्हणजे इथे शंभर लाखही नव्हेत आणि शब्दांवरचा विनोदही नव्हे. नव्या क्षेत्रातील संख्या सांगायला जुन्या क्षेत्रातील किती घटक लागतात, तो आकडा म्हणजे कोटी.

आता या नव्या घरात √३ ही घेऊ. मग प्रत्येक संख्येला चार घटक लागतात : एक साधा, एक √२ चा, एक √३ चा आणि एक √६ चा. दोन दुणे चार. आणखी एक नवे वर्गमूळ घेतले तर आठ. नियम असा की, विस्तारावर विस्तार केला म्हणजे कोट्यांचा गुणाकार होतो. कारण उघड आहे. वरच्या मजल्यावरची संख्या सांगायला मधल्या मजल्यावरचे काही घटक लागतात, आणि मधल्या मजल्यावरचा प्रत्येक घटक सांगायला तळमजल्यावरचे काही घटक लागतात. तेव्हा एकूण घटक त्या दोहोंच्या गुणाकाराइतके. नियम दिसायला साधा, पण दोन हजार वर्षांचे कुलूप उघडणारी किल्ली हीच.

पट्टी व कंपास काय करू शकतात ते आता पाहा. दोन रेषा एकमेकींना छेदतात तो बिंदू काढायला केवळ बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार पुरतात. नवे काही लागत नाही. रेषा वर्तुळाला छेदते, किंवा दोन वर्तुळे एकमेकांना छेदतात, तेव्हा वर्गसमीकरण येते, म्हणजे फार तर एक वर्गमूळ. भूमितीतील बिंदू आकड्यांनी सांगण्याची ही वाट देकार्तने १६३७ मध्ये घालून दिली होतीच. तेव्हा कंपासाच्या प्रत्येक फेऱ्यात आपले क्षेत्र एक तर तसेच राहते, नाही तर दुप्पट कोटीचे होते. शंभर वेळा कंपास फिरवा, हजार वेळा फिरवा. कोटी २, ४, ८, १६, ३२ याच मालिकेत राहणार.

आणि २ च्या घनमुळाचे काय? त्याला घरात घेतले तर त्याच्या वर्गालाही, म्हणजे ४ च्या घनमुळालाही, जागा द्यावी लागते. प्रत्येक संख्येला तीन घटक लागतात, आणि दोघांत भागवता येत नाही, कारण ज्याचा घन २ आहे असा परिमेय अपूर्णांकच नाही. म्हणजे या विस्ताराची कोटी ३. आता समजा, कोणी पट्टी-कंपासाने ते घनमूळ काढलेच. मग कोटी ३ चे हे क्षेत्र, कोटी २, ४, ८ किंवा १६ अशा कुठल्यातरी क्षेत्राच्या पोटात बसले पाहिजे, आणि गुणाकाराच्या नियमाप्रमाणे त्या मोठ्या संख्येला ३ ने भाग गेला पाहिजे. पण २ ला २ नी कितीही वेळा गुणले तरी त्याला ३ ने भाग जाईल काय? कालत्रयी जाणार नाही. खेळ खलास! डेलॉसची वेदी पट्टी-कंपासाने दुप्पट होणार नाही, आणि कारण एवढेच की ३ ही विषम मूळसंख्या आहे.

कोनाच्या त्रिभाजनाचीही तीच गत. ६० अंशांचा कोन घ्या. त्याचे तीन भाग करायचे म्हणजे २० अंशांची कोज्या काढायची. त्या कोज्येच्या दुपटीला क्ष म्हटले, तर क्ष चा घन वजा ३क्ष वजा १ बरोबर शून्य, असे समीकरण येते. याचे परिमेय उत्तर असलेच तर ते १ किंवा उणे १ असणार. दोन्ही घालून पाहा, जमत नाही. पुन्हा कोटी ३, आणि पुन्हा तोच अडसर. काही विशिष्ट कोनांचे त्रिभाजन होते, ९० अंशांचे होतेच. पण कोणत्याही कोनाला चालेल अशी रीत असू शकत नाही. आणि गाउसची सतरा बाजूंची आकृती का निघते? तेथे लागणारी कोटी सतरातून एक वजा, म्हणजे सोळा. सोळा म्हणजे दोन चार वेळा. सात बाजूंना सहा लागतात, सहात तीन दडलेला आहे, म्हणून ती निघत नाही.

ही सिद्धता प्रथम छापली ती पिएर लॉरँ वांत्झेल नावाच्या फ्रेंच तरुणाने, १८३७ मध्ये. त्याचा जन्म १८१४ चा, म्हणजे वय अवघे बावीस-तेवीस. आज आपण जी क्षेत्रांची भाषा वापरली ती त्याच्याजवळ नव्हती. त्याने वर्गसमीकरणांची साखळी घेऊन तेच काम केले. लिउव्हील याने नुकत्याच काढलेल्या गणिताच्या नियतकालिकात त्याचा निबंध आला. त्यात घन दुप्पट करण्याचा आणि त्रिभाजनाचा, असे दोन्ही प्रश्न निकालात निघाले होते. दोन हजार वर्षे ज्याची वाट पाहिली ते उत्तर आले. आणि काय झाले? काहीच नाही. टाळ्या वाजल्या नाहीत, नगारे झडले नाहीत. जवळजवळ शंभर वर्षे त्याचे नावही फारसे कोणी घेतले नाही. वांत्झेल पुढे पूल व रस्त्यांच्या खात्यात इंजिनिअर झाला, शिकवीतही राहिला, रात्री जागून काम करीत राहिला आणि १८४८ मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी वारला.

असे का झाले असावे? मला वाटते, 'होत नाही' या उत्तराची किंमत तोवर लोकांना कळली नव्हती. करून दाखवणाऱ्याचा सत्कार होतो. होणार नाही असे सांगणारा अपशकुनी ठरतो. आजही दोन-तीन वर्षांनी एखादे सद्गृहस्थ कागदांची गुंडाळी घेऊन आमच्या महाविद्यालयात येतात. "प्रोफेसरसाहेब, त्रिभाजन सुटले!" आकृती सुबक असते, आयुष्यभराची चिकाटी तीत ओतलेली असते, आणि उत्तर अंशाच्या अगदी बारीकशा भागाने चुकलेले असते. ते म्हणतात, "गणितवाल्यांना जमले नाही म्हणून तुम्ही अशक्य म्हणता." मी त्यांना म्हणतो, "काका, जमले नाही म्हणून नव्हे. का जमत नाही ते कळले म्हणून." या दोन वाक्यांतले अंतर वांत्झेलने तोडले. तो निबंध वेळीच घरोघर पोचता, तर किती संध्याकाळी वाचल्या असत्या!

ज्या नियतकालिकात वांत्झेल छापला गेला, त्याच नियतकालिकात लिउव्हीलनेच १८४६ मध्ये दुसरे एक हस्तलिखित छापले. त्याचा लेखक चौदा वर्षांपूर्वीच द्वंद्वयुद्धात गोळी लागून, वयाच्या विसाव्या वर्षी मेला होता. तो एव्हारिस्त गाल्वा. समीकरणाला नवी राशी 'जोडणे' आणि जोडल्यावर काय सुलभ होते ते पाहणे, ही कल्पना त्याने स्पष्ट शब्दांत मांडली. पाचव्या घाताच्या समीकरणाला सर्वसाधारण सूत्र नाही, हे नॉर्वेच्या आबेलने १८२४ मध्येच दाखविले होते. कोणत्या समीकरणाला सूत्र आहे आणि कोणत्याला नाही, हे ओळखायची कसोटी गाल्वाने दिली. क्षेत्राचा विस्तार केवढा, एवढेच न पाहता, त्या विस्तारात मुळांची अदलाबदल किती रीतींनी करता येते हेही त्याने पाहिले.

बारसे मात्र नंतर झाले. डेडेकिंटने १८७१ मध्ये अशा संख्यासमूहाला जर्मन भाषेत 'शरीर' या अर्थाचा शब्द दिला. स्वतःत पूर्ण असलेली वस्तू, हा त्यातला भाव. इंग्रजीत तोच 'फील्ड' झाला, आणि आपण त्याला क्षेत्र म्हणतो. वर्तुळाच्या चौरसाचा तिसरा प्रश्नही १८८२ मध्ये लिंडेमानने मिटवला. पाय ही संख्या परिमेय सहगुणकांच्या कोणत्याच समीकरणाचे मूळ नाही, असे त्याने दाखविले. तिला घरात घेतले तर सान्त घटकांत भागतच नाही, मग २, ४, ८ ची गोष्टच कशाला?

एक शंका उरते. पाहुणा आधी कोठेतरी हजर असेल तरच त्याला आत घेता येईल ना? उणे एकाचे वर्गमूळ कुठून आणायचे? ऋण संख्या वर्ग नसल्यामुळे तिला मूळ नाही, असे भास्कराचार्यांनी म्हटले होते, आणि त्यांच्या घरापुरते ते अगदी बरोबर होते. कोशीने १८४७ मध्ये आणि क्रोनेकरने १८८७ मध्ये दाखविले की, पाहुणा कोठे आहे हे शोधावे लागत नाही. अव्यक्त राशीच्या पदावल्या घ्याव्यात आणि त्या राशीचा वर्ग अधिक १ म्हणजे शून्य, असा व्यवहार ठरवावा. मूळ आपोआप घरात तयार होते. अखेरीस १९१० मध्ये एर्न्स्ट श्टाइनित्सने सर्व क्षेत्रांचा एकत्र विचार करणारा मोठा निबंध लिहिला. कोणतेही क्षेत्र घ्या, ते इतके वाढवता येते की त्यातील प्रत्येक समीकरणाला तिथेच मूळ मिळते, असे त्याने सिद्ध केले.

हे सारे विद्वानांच्या कपाटात राहिले, असेही नाही. शून्य आणि एक, एवढ्या दोनच संख्यांचे एक क्षेत्र आहे. त्यात १ अधिक १ म्हणजे शून्य. त्याचा कोटी ८ चा विस्तार केला म्हणजे बरोबर २५६ सदस्यांचे क्षेत्र मिळते. अशा सान्त क्षेत्रांवर गाल्वाने १८३० मध्येच लिहिले होते. १९६० मध्ये रीड आणि सॉलोमन यांनी सान्त क्षेत्रांचा उपयोग करून संदेशातील चुका दुरुस्त करण्याची रीत दिली. आज भाजीवाल्याच्या गाडीवर चिकटवलेला क्यूआर कोड थोडा खरचटला, डागाळला, तरी पैसे योग्य ठिकाणी पोचतात, ते या २५६ सदस्यांच्या घराच्या कृपेने.

सारांश, श्रोतेहो, 'अशक्य' हा शब्द गणितात एकटा येत नाही. कोणत्या घरात अशक्य, कोणत्या साधनांनी अशक्य, हे त्याला जोडूनच सांगावे लागते. √२ परिमेय संख्यांत अशक्य, पण दोरी कर्णावर ताणली की शक्य. २ चे घनमूळ कंपासाला अशक्य, पण मिनीक्मसच्या वक्रांना शक्य. आपले घर नेमके किती मोठे आहे हे ज्याला मोजता येते, त्यालाच भिंत कोठे आहे ते सांगता येते, आणि विस्तार कोठून करावा हेही. ते मोजमाप ज्यांनी केले, त्यांतील आबेल, गाल्वा आणि वांत्झेल या तिघांचे वय मृत्युसमयी अनुक्रमे सव्वीस, वीस आणि तेहेतीस होते. पुढच्या वेळी भूमितीच्या तासाला मुलाच्या हातात कंपास दिसला, तर त्याला कोन दुभागून दाखवा. आणि त्याने त्रिभाजन करून पाहिले तर त्याला रागावू नका. न जमल्यावर, का जमत नाही, एवढे मात्र जरूर विचारा.